तीन नंबरची लाइन

केलममध्ये मला माणसं चेहऱ्यापेक्षा आवाजावरून जास्त ओळखू यायची. औषधाच्या दुकानावरची माडी, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, एक लोखंडी शेगडी आणि भिंतीला लावलेला टेलिफोनचा बोर्ड. एकोणिसाव्या वर्षी मी त्याच्यापुढे बसले. कुणी घरी दांडा फिरवला की बोर्डावरचं पितळी झाकण खट्कन पडायचं, मी त्या भोकात खुंटी घालायची आणि विचारायचं, "नंबर?"

नंबर कुणी सांगत नसे. "विनी, आमचे हे दुकानात आहेत का गं? म्हणावं, येताना मीठ आणा." "विनी, चारची गाडी वेळेवर आहे ना?" "विनी, भट्टीत केक ठेवलाय, वीस मिनिटांनी मला घंटी दे, नाहीतर मी विसरेन." गावाची वस्ती चारशे दहा. रेल्वेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून १८८१ साली गाव वसलं. आधी टाकी उभी राहिली, मग धान्याचं कोठार, मग दोन चर्च आणि त्यांच्या मधोमध लोहार. शनिवारी शेतकरी अंडी आणि साय घेऊन यायचे, बायका कापडाच्या दुकानात तासभर उभ्या राहायच्या. कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कुणाची गाय आटली, कुणाला दिवस गेले, सगळं आधी माझ्या कानावर यायचं.

शेतांवरच्या लाइनी सामायिक होत्या. एका तारेवर सात-आठ घरं, प्रत्येकाची घंटी वेगळी. कुणाला दोन लांब, कुणाला एक लांब दोन आखूड. पण घंटी कुणाचीही वाजो, उचलायचे सगळेच. एकेकानं उचललं की तारेत बारीक 'टक्' व्हायचं. आमच्याकडे त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. दिवसभर मक्याच्या कणसांची सालं ओरबाडणाऱ्या माणसाला दुसरी करमणूक काय होती?

तीन नंबरची लाइन उत्तरेला जायची. त्या बाजूची जमीन पाणथळ. ओहायोकडून आलेल्या आमच्या लोकांनी ती नाकारली होती. मग जर्मनीच्या समुद्रकाठची माणसं आली, त्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून हातांनी चर खणले, मातीचे नळ पुरले आणि दहा वर्षांत आमच्यापेक्षा चांगला मका काढून दाखवला. माझ्या वडिलांचं शेत त्यांच्या कडेलाच होतं. ते आम्हाला टिकवता आलं नाही, आम्ही गावात आलो आणि वडील गिलेस्पींच्या लाकडाच्या वखारीत लागले. पण माझं लहानपण शेजारच्या आयलर्सांच्या स्वयंपाकघरातच गेलं. ट्रीना आजी चहा करायची. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, त्यावर साय, आणि ढवळायचं नाही. तीन कप प्यायल्याशिवाय उठू द्यायची नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी तिची भाषा शिकले. तिचा मुलगा हार्म माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. फेना शाळेत माझ्या बाकावर बसायची. पुढे तिनं हार्मशी लग्न केलं, तेव्हा तिच्या झग्याचं काठाचं काम मी केलं होतं. त्यांना दोन मुलं झाली, आधी ओको, मग गेशे.

मग जर्मनीशी लढाई आली. १९१८ च्या मे महिन्यात राज्याचा हुकूम निघाला की चारचौघांत, गाडीत, चर्चमध्ये आणि टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. गावात त्यावर नजर ठेवणारी समिती झाली, गिलेस्पीसाहेब तिचे अध्यक्ष. आंबवलेल्या कोबीचंसुद्धा जर्मन नाव बदललं. उत्तरेकडच्या दोन घरांच्या दारांवर कुणीतरी गद्दाराची खूण म्हणून पिवळा रंग फासला. माझा भाऊ क्लेम फ्रान्समध्ये खंदकात होता, आणि पत्र आलं नाही की आई दिवसभर जेवायची नाही.

ऑगस्टमध्ये ट्रीना आजीनं तिच्या बहिणीला फोन केला. त्या दोघी जर्मनच बोलणार होत्या, आणि मी खुंटी घालून दिली. तीन दिवसांनी गिलेस्पीसाहेब जिना चढून वर आले. टोपी काढली, खिडकीतून बाहेर पाहिलं.

"विनिफ्रेड, तुझे वडील माझ्याकडे किती वर्षं आहेत गं?"

"चौदा, साहेब."

"भला माणूस. बरगडी दुखावल्यावरसुद्धा मी त्यांना काढलं नाही." मग बोर्डाकडे बोट केलं. "परवा तीन नंबरवर काय चाललं होतं, मला सांगणारी माणसं आहेत. आपली पोरं तिकडे मरतायत. पुन्हा असं कानावर आलं तर खुंटी उपटायची. समजावणं नाही, काही नाही. उपटायची."

मी "हो साहेब" म्हटलं. त्यानंतर मी उपटत गेले. पहिल्यांदा वाईट वाटलं. चौथ्या-पाचव्यांदा वाटलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ताप आला. छावणीतून रजेवर आलेला एक सैनिक गाडीतून उतरला, आणि आठवड्याभरात गावातली निम्मी माणसं अंथरुणाला खिळली. शाळा बंद, चर्च बंद. लोक नाकातोंडावर फडकी बांधून फिरायला लागले. डॉक्टर एकच, पार्डी म्हणून, वय सदुसष्ट. ते गाडीतच झोपायचे, घोड्याला रस्ता पाठ होता. ते कुठे आहेत हे फक्त मला माहीत असायचं. ज्या घरी पोचतील तिथून ते मला विचारायचे, "विनी, पुढे कुठे?" आणि मी सांगायचे. मी अकरा दिवस घरी गेले नाही. आई जिन्याच्या पायरीवर डबा ठेवून जायची.

मंगळवार होता, बावीस तारीख. सकाळचे साडेदहा झाले असतील. तीन नंबरचं झाकण पडलं.

"विनी?" ट्रीना आजी होती. आणि ती तिच्या भाषेत बोलत सुटली. फेना उठत नाही, हार्म बडबडतोय, त्याला मी कोण ते कळत नाही, ओको तापलाय, बाळ दूध घेत नाही. डॉक्टरला पाठव.

मला त्यातला शब्दन् शब्द कळला. डॉक्टरला तर त्यांच्या भाषेतही डॉक्टरच म्हणतात.

"आजी, इंग्रजी," मी म्हटलं. "इंग्रजीत बोला."

तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं. फक्त सावकाश आणि मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. तेवढ्यात तारेत टक् झालं. मग आणखी एकदा टक्. दोघं ऐकत होते. ती दोन घरं कुठली हेही मला कळलं होतं, प्रत्येकाच्या यंत्राचा आवाज वेगळा असतो.

मी खुंटी उपटली.

झाकण पुन्हा पडलं. "विनी, पोरी, मी आहे, ट्रीना…" मी उपटली.

पाचेक मिनिटं काही झालं नाही. ती बहुधा तिथेच उभी राहून विचार करत असावी. मग तिसऱ्यांदा झाकण पडलं. या वेळी ती वाक्य बोललीच नाही. एकेक शब्द थांबून थांबून म्हणाली, "विनी. फेना. हार्म. ओको. गेशे. डॉक्टर."

नुसती नावं. नावाला कसली भाषा? त्यातला एकही शब्द हुकमात सापडणारा नव्हता, आणि तिनं ते शोधून काढलं होतं. ऐकणारे दोघंही अजून तारेवर होते. कुणीतरी खोकलं.

मी खुंटी उपटली. का, म्हणून मी स्वतःला अडतीस वर्षं विचारतेय. भीती होती, खरंच होती. वडिलांची बरगडी होती, क्लेम होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. हाताला वळण पडलं होतं, एवढंच.

अकराला पाच कमी असताना डॉक्टरांचा त्यांच्या दवाखान्यातून फोन आला. "कॉफी घेतोय, निघतो. कुणाकुणाचे आले?"

"दक्षिणेकडून बॅरो. त्यांचा मोठा मुलगा. आणि…"

"आणि?"

"एवढंच."

"बरं," ते म्हणाले. खिडकीतून मला त्यांची गाडी दक्षिणेला वळताना दिसली.

मग मला राहवेना. मी तीन नंबरवर आयलर्सांची घंटी दिली, एक लांब, दोन आखूड. कुणी उचललं नाही. पुन्हा दिली. ऐकणाऱ्यांनीही उचललं नाही. मी स्वतःची समजूत घातली, आजी गोठ्यात गेली असेल.

पाऊण वाजता ती मला रस्त्यावर दिसली. साडेतीन मैल चालत आली होती. डोक्याला काळी शाल, पायात गोठ्यात घालायचे लाकडी जोडे, चिखल गुडघ्यापर्यंत. तिनं डॉक्टरांचं दार ठोठावलं. ते बंद. मग ती रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायला लागली, "डॉक्टर? डॉक्टर?" फडकी बांधलेली माणसं तिला टाळून पलीकडच्या बाजूनं जायला लागली. तापाला भीत होती की तिच्या बोलीला, कुणास ठाऊक.

मी बोर्ड सोडून खाली धावले. कामाच्या वेळी तीन वर्षांत पहिल्यांदा सोडला. तिनं माझा दंड धरला. "तार तुटते," ती म्हणाली, तिच्या भाषेत, भर रस्त्यात. "विनी, मी बोलले की तार तुटते."

मी लोण्याच्या डेअरीच्या गाडीवानाला हाताला धरून आणलं. त्याचं नाव अल्विन. "यांना घरी सोड. आत्ता."

"मला पुढे साय गोळा करायचीय, विनी."

"अल्विन, मी तुझ्या पाया पडते."

तो गेला. मी वर येऊन दक्षिणेच्या सगळ्या घरांना घंट्या दिल्या. डॉक्टर दोन वाजता सापडले. चारला ते आयलर्सांकडे पोचले.

अल्विननं मला नंतर सांगितलं. आजी निघताना शेगडी भरून गेली होती, पण अडीच तासांत ती विझली. घर गार पडलं. बाळ रडायला लागलं असेल, आणि त्या आवाजानं फेना उठली असेल. त्यांना ती अंगणात पंपापाशी सापडली, अंगावर नुसता झोपायचा झगा, जवळ कलंडलेली बादली. पाण्यासाठी गेली होती. जीव होता, पण पहाटे गेला. बाळ गेशे, सात महिन्यांचं, दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. हार्म आणि ओको वाचले.

डॉक्टर मला म्हणाले, "मी अकराला गेलो असतो तरी माझ्याकडे औषध कुठं होतं, पोरी? या तापाला औषधच नाही." त्यांना वाटलं मी त्यांना दोष देतेय. मी म्हटलं नाही की औषध नको होतं. शेगडीपाशी बसणारं एक माणूस हवं होतं. आजी घरी राहिली असती तर ते होतं.

पुरण्यासाठी चौघांहून जास्त जमायचं नाही असा नियम होता. मी कुंपणापाशी उभी राहिले. त्यांच्या पाळकांना इंग्रजीत प्रार्थना येत नव्हती, आणि दुसऱ्या भाषेत म्हणायची बंदी. एका कागदावरून ते अडखळत वाचत होते, मध्येच थांबले, घाम पुसला, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आजी ओठ घट्ट मिटून उभी होती. एकाच पेटीत दोघी होत्या. लाइनीवर ऐकणाऱ्यांपैकी एका घरून केक आला होता. तो गाडीत तसाच राहिला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हार्म माडीवर आला. कोट अंगावर लोंबत होता. टोपी हातात फिरवत म्हणाला, "विनी, आई म्हणते तिनं तीनदा फोन केला. दरवेळी तार तुटली. खरं का?"

मी बोर्डाकडे बघत म्हटलं, "त्या दिवशी वारा होता, हार्म. लाइन खराब होती."

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "म्हणजे तार कुठेतरी खांबाला घासत असणार. ओको घरात आहे, आई म्हातारी. पुन्हा असं व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी त्यानं लोहाराकडून खांबावर चढायचे आकडे उसने घेतले. अंगात ताकद नव्हती, दर खांबानंतर तो गवतात बसायचा. साडेतीन मैल, एकशे बारा खांब. दोन दिवस तो एकेक खांब चढला, तार बांधलेली एकेक काचेची वाटी हातानं हलवून पाहिली, तारेवरून बोट फिरवलं. शेवटचा खांब माझ्या खिडकीसमोरचा. तो वर चढला तेव्हा आम्ही दोघं समोरासमोर आलो, मध्ये फक्त काच. त्यानं तार पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मान खाली घातली नाही, आणि तेच चुकलं असेल, कारण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

संध्याकाळी तो वर आला. घरच्या भिंतीवरून काढून आणलेला टेलिफोन त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, दांडा नीट आत वळवलेला.

"लाइन शाबूत आहे," म्हणाला. जिना उतरताना कठड्याला धरून उतरला.

दोनच दिवसांनी लढाई संपली. सगळ्या लाइनींना एकदम द्यायची लांब घंटी मी दिली आणि ओरडून सांगितलं, "संपली, संपली!" गावानं कैसरचा पेंढ्याचा पुतळा जाळला. गिलेस्पीसाहेबांनी मला हार घातला. क्लेम जिवंत होता. आई रडत रडत जेवली.

एप्रिलमध्ये मी आयलर्सांकडे गेले. हार्म शेतात होता. आजीनं खडीसाखरेचा खडा कपात टाकला, चहा ओतला, साय घातली. मी पहिला कप प्यायले, दुसरा प्यायले. तिसऱ्याला मी तिच्या भाषेत म्हटलं, "आजी, तार तुटत नव्हती."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तार तुटली की काहीच ऐकू येत नाही. मला आधी तुझा श्वास ऐकू यायचा."

मी तिच्या पायांशी बसले. तिनं मला उठवलंही नाही आणि हातही लावला नाही. "मला सांगितलंस, ते तू मोकळं व्हायला सांगितलंस. हार्मला सांगू नकोस. त्याला अजून या गावात मका विकायचाय, तुझा बाप कामाला आहे त्या वखारीतून लाकूड आणायचंय. त्याला कळलं तर तो काय करेल?"

"त्याला कळलंय, आजी."

"मग तो विसरायचा प्रयत्न करतोय. त्याला करू दे." आणि ती कप विसळायला उठली.

१९२० मध्ये त्यांनी शेत विकलं आणि डकोटाला गेले. ते स्टेशनवर उभे होते, मी माडीवरूनच पाहिलं. ओको आजीचा हात धरून उभा होता, पाच-सहा वर्षांचा. आजीनं एकदाही वर पाहिलं नाही. १९३१ मध्ये कळलं की आजी गेली. तेव्हा मी हार्मला पत्र लिहिलं, चार पानांचं, सगळं. डॉक्टरांना "एवढंच" म्हटलं होतं, तेसुद्धा. उत्तर आलं ते पोस्टकार्डावर, पेन्सिलीनं, इंग्रजीत. "शेवटच्या खांबावर कळलं. आता पुन्हा लिहू नको. ओकोला मी सांगितलं आहे की लाइन खराब होती."

मी लग्न केलं नाही. वडील गेले, वखार बंद पडली, गिलेस्पीसाहेबांच्या नावाचं बाक बागेत बसलं. मी बोर्डापुढे १९५१ पर्यंत होते, मग आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि माडीला कुलूप लागलं. कोठारापाशी आता गाडी थांबत नाही. शाळेत अकरा मुलं आहेत.

यंदा गावाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढली. शाळेच्या शिक्षिका रोवेना क्लाइनहेन्स माझ्याकडे आल्या. फार मनमिळाऊ मुलगी, बाहेरगावची. "मिस हार्डेस्टी, तापाच्या वेळी तुम्ही अकरा दिवस बोर्ड सोडला नाही म्हणे! एक पूर्ण पान तुम्हालाच द्यायचंय."

मी म्हटलं, "सोडला होता. एकदा." आणि तिला सगळं सांगितलं. हुकूम, खुंटी, नावं, पंप, खांब. ती लिहिता लिहिता थांबली. वही मिटली.

"पण… तुम्ही तेव्हा किती लहान होता," ती म्हणाली. "आणि हुकूमच तसा होता."

"हे छापा."

"मिस हार्डेस्टी, त्या दोन घरांतली नातवंडं माझ्या वर्गात आहेत. गिलेस्पींच्या सुनेनं कागदाचा खर्च दिलाय. आणि ते आयलर्स, त्यांचं इथे आता कोण आहे? वाचून वाईट कुणाला वाटणार? फक्त आपल्यालाच."

भांडायला हवं होतं, तेवढी ताकद अजून होती माझ्यात. पण मी म्हटलं, "बरं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," आणि तिला चहा विचारला. ती नको म्हणाली, उशीर होतोय म्हणाली.

पुस्तिका जूनमध्ये निघाली. पान सतरा माझं आहे. डोक्यावर ऐकायचं यंत्र, हातात खुंटी, बावीस वर्षांची मी, हसतेय. खाली लिहिलंय की त्या काळ्या दिवसांत केलममधल्या प्रत्येक हाकेला विनिफ्रेड हार्डेस्टी यांनी उत्तर दिलं. उत्तरेकडच्या जमिनीबद्दल अर्धं पान आहे, चर कुणी खणले ते त्यात नाही. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना लोकांनी माझा हात हातात घेतला, तीन-चार बायकांनी त्या पानावर माझी सही मागितली. मी सगळ्यांना सही दिली.